प्रदूषणाने वाढलेला दम्याचा खर्च: मोजायचा कसा, मिळतो किती, अडतो कुठे

प्रश्न असा आहे: चेंबूरला वाशी नाक्याजवळ घर. आठ वर्षांच्या मुलाला दमा, ६८ वर्षांच्या सासऱ्यांना सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा जुनाट आजार. दिवाळी उलटली की दोघांचंही बळावतं. जानेवारीत सासऱ्यांना ॲडमिट करावं लागलं. ३ लाखांचा मेडिक्लेम असूनही बरेच पैसे खिशातून गेले. यात प्रदूषणाचा वाटा किती धरायचा, तो कुणाकडून वसूल होतो का, आणि पुढच्या हिवाळ्यात खर्च कमी कसा करायचा?

आधी कडू भाग सांगतो. एका घराच्या बिलाची प्रदूषणापोटी वसुली आजच्या घडीला जवळजवळ होत नाही. विमा आणि सरकारी योजना पैसे देतात, पण बहुतेक वेळा पेशंट ॲडमिट झाल्यावरच. ॲडमिट होण्याची वेळ टाळणारा रोजचा पंप (इनहेलर), तपासणी आणि लस मात्र खिशातून भरावी लागते. त्यामुळे घरोघरी कात्री लागते ती नेमकी याच खर्चाला आणि जानेवारीत त्याच्या कितीतरी पट बिल येतं. पुढचं सगळं हा उलटा हिशोब सुलटा करण्यासाठी आहे.

खर्च मोजताना

बहुतेक लोक रुग्णालयाचं बिल म्हणजेच खर्च असं धरतात. एक वही करा आणि महिन्याला तीन रकाने ठेवा. पहिल्यात औषधं, डॉक्टरांची फी, तपासण्या, वाफ दिल्याचे पैसे. दुसऱ्यात टॅक्सी-रिक्षा, ॲडमिट असताना सोबतच्या माणसाचं खाणं-पिणं, ऑक्सिजन मशीनची वीज किंवा भाडं. तिसऱ्यात खाडे: कुणाचे किती दिवस बुडाले आणि त्या दिवसाचे किती पैसे कापले गेले. मुलाच्या शाळेचे बुडालेले दिवसही लिहा. त्याला रुपये लावता येत नाहीत, पण आजार किती आटोक्यात आहे हे डॉक्टरांना त्यावरून लगेच कळतं.

आता प्रदूषणाचा वाटा. मुंबईत जून ते सप्टेंबर पावसाने हवा धुतली जाते, वारा जोरात असतो. ऑक्टोबरनंतर समुद्रावरून येणारा वारा मंदावतो, सकाळी जमिनीलगतची थंड हवा वर उठत नाही आणि धूळ-धूर खालीच अडकतो. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा खर्च आणि पावसाळ्यातल्या चार महिन्यांचा खर्च यांतला फरक काढा. समजा, पावसाळ्यात दोघांच्या औषधपाण्याला महिना सरासरी ३,२०० रुपये जातात आणि हिवाळ्यात ५,९००. फरक २,७०० चा, चार महिन्यांचे १०,८००. ॲडमिशनच्या बिलातले विम्याने न दिलेले २२,०००. घरातल्या कमावत्या माणसाचे सहा खाडे, दिवसाला १,२०० धरून ७,२००. येण्याजाण्याचे ३,०००. बेरीज ४३,०००. यातले २१,००० रुपये रुग्णालयाच्या बिलात कुठेच दिसत नाहीत, म्हणजे जवळपास निम्मे.

हा आकडा घरच्या नियोजनाला उत्तम, पण पुरावा म्हणून कच्चा आहे. पावसाळ्यात भिंतींना ओल येऊन बुरशी धरते, विषाणूंचे ताप येतात. त्यामुळे तुलनेचा पायाच थोडा फुगलेला असतो. हिवाळ्यात थंडीनेही श्वासनळ्या आकसतात. म्हणून हा फरक ‘हंगामाचा’ समजा, सगळाच्या सगळा ‘धुराचा’ नव्हे.

देशपातळीवरचे अंदाज वेगळ्या रीतीने काढतात. लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थमध्ये २०२० साली आलेल्या अभ्यासाने २०१९ मध्ये भारतात हवेच्या प्रदूषणामुळे १६.७ लाख मृत्यू आणि देशाच्या सकल उत्पन्नाच्या १.३६ टक्के इतकं आर्थिक नुकसान मांडलं. ते नुकसान अकाली मृत्यू आणि आजारपणामुळे बुडालेल्या उत्पादनाचं आहे. तुमच्या पंपाची पावती त्यात नाही. म्हणून असले आकडे भागून ‘माणशी इतके रुपये’ काढत बसू नका.

पंपाचं गणित, जिथे खरी बचत आहे

दम्याच्या पंपांत दोन जाती आहेत. एक लगेच आराम देणारा, साल्ब्युटामॉलचा. दुसरा रोज घ्यायचा, सूज कमी करणारा, ब्युडेसोनाइडसारख्या स्टेरॉइडचा किंवा त्यात फॉर्मोटेरॉल मिसळलेला. आराम वाटला की घरातली माणसं दुसरा बंद करतात, कारण त्याचा परिणाम लगेच जाणवत नाही आणि तो महागही असतो. ‘पंपाची सवय लागते’ हा समज त्यात भर घालतो. सवय लागत नाही. सूज पुन्हा वाढते म्हणून पंप पुन्हा लागतो.

वापर बरोबर चाललाय का, हे खोक्यांवरून कळतं. समजा, डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ दोन-दोन फवारे लिहिलेत. दिवसाला चार. २०० फवाऱ्यांचा पंप ५० दिवस पुरतो, म्हणजे वर्षाला ८ पंप हवेत. १२० फवाऱ्यांचा ३० दिवसांत संपतो. वर्षभरात चारच मोठे पंप आणले असतील तर मुलाला निम्माच डोस मिळाला. त्याची भरपाई मग जानेवारीत होते. खरेदी करताना खोक्याची किंमत बघू नका, एका फवाऱ्याची काढा. छोटा पंप स्वस्त वाटतो आणि बहुतेकदा महाग पडतो.

आराम देणाऱ्या पंपाचं उलटं आहे. वर्षाला २०० फवाऱ्यांचे तीन किंवा अधिक लागत असतील तर मोठा झटका येण्याचा धोका वाढलेला असतो, ही दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांतली खूण आहे. महिन्याला एक, म्हणजे वर्षाला १२ लागत असतील तर जिवाचा धोका. दुकानदार चिठ्ठीशिवाय देतो म्हणून हा आकडा कुणी मोजत नाही. वहीत मोजा.

पंप थेट तोंडात मारला तर बरंचसं औषध घशातच बसतं आणि फुप्फुसात थोडंच जातं. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी, एकदाच घ्यायचा आहे आणि त्याचे पैसे सगळ्यात लवकर वसूल होतात. पंप हलवा, स्पेसरला लावा, एकच फवारा मारा, मुलाला पाच-सहा साधे श्वास घेऊ द्या. अर्धा-एक मिनिट थांबून पंप पुन्हा हलवून दुसरा. दोन फवारे एकदम मारले तर औषध एकमेकांत मिसळून स्पेसरच्या भिंतीवर बसतं आणि वाया जातं. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरा थर येतो आणि मग त्याच्या औषधाचा खर्च वेगळा. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून, न घासता, आपोआप वाळू द्यायचा. फडक्याने पुसला की आतल्या प्लास्टिकवर विद्युतभार तयार होतो आणि औषध तिथेच चिकटतं. पंप संपला का हे पाण्यात तरंगवून बघायची पद्धत सोडून द्या. औषध संपल्यावरही त्यात वायू उरतो आणि तो तरंगत नाही की बुडत नाही, नुसता गोंधळ होतो. आकडा दाखवणारा पंप मागा किंवा उघडल्याची तारीख वर लिहा.

ब्युडेसोनाइड, साल्ब्युटामॉल, टायोट्रोपियम ही औषधं राष्ट्रीय आवश्यक औषध यादीत आहेत, त्यांच्या कमाल किमती सरकार ठरवतं. जनऔषधी केंद्रात यातली काही बरीच स्वस्त मिळतात. फक्त उपकरण बदललं की घेण्याची पद्धत बदलते, हे ध्यानात ठेवा. फवाऱ्याचा पंप हळू आणि खोल ओढायचा असतो, पावडरच्या कॅप्सूलचा जोरात. पैसे वाचवायला पंपाऐवजी कॅप्सूल आणल्या आणि जुन्याच पद्धतीने ओढल्या, असं झालं तर वाचलेलं सगळं वाया.

एक इशारा. स्टेरॉइडच्या गोळ्या अतिशय स्वस्त असतात आणि दोन दिवसांत छाती मोकळी करतात. त्यामुळे गल्लीतल्या दवाखान्यातून दर महिन्याला ‘पाच दिवसांचा कोर्स’ घेणारे पेशंट भरपूर आहेत. सासऱ्यांच्या वयात असे वरचेवर कोर्स झाले की साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो. वर्षाला दोनपेक्षा जास्त कोर्स लागत असतील तर रोजचा पंप पुन्हा ठरवायला छातीच्या डॉक्टरांकडे जा. केईएम, सायन, नायर, जेजे यांच्या छातीविकार विभागांत स्पायरोमेट्री (फुंकून फुप्फुसाची क्षमता मोजायची तपासणी) नाममात्र दरात होते, गर्दी सोसायची तयारी हवी. ती पंप घेण्यापूर्वी आणि घेतल्यावर, अशी दोनदा करून घ्या. एकदाच केली तर दमा की सीओपीडी याचा उलगडा होत नाही आणि तपासणीचे पैसे परत भरावे लागतात.

फ्लूची लस वर्षातून एकदा आणि सासऱ्यांसाठी न्यूमोकोकसची (न्यूमोनिया करणाऱ्या जंतूवरची) लस, याबद्दल ऑक्टोबरच्या आधी डॉक्टरांना विचारा. विमा याचे पैसे सहसा देत नाही, तरीही ती घेणं परवडतं. सासरे विडी-सिगारेट ओढत असतील तर वरचं सगळं गणित कोसळतं, इतकंच सांगतो.

घरी ऑक्सिजन लागला तर

बसल्या जागी रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण ८८ टक्के किंवा खाली राहत असेल तर डॉक्टर दिवसाला किमान १५ तास ऑक्सिजन सुचवतात. पाच लिटरचं मशीन साधारण ३५० वॅट खातं. १५ तासांचे रोज सव्वापाच युनिट, महिन्याला जवळजवळ १६०. नुसते युनिट वाढतात असं नाही, तुमच्या घराचा वापर वरच्या टप्प्यात जातो आणि टप्प्यावरचे युनिट चढ्या दराने लागतात. घेण्याआधी वीजबिलावरचे टप्पे बघा. वीज गेली तर जवळ लहान सिलिंडर हवा. बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर वायू असतो. मिनिटाला दोन लिटर दिला तर साडेबारा तास पुरतो.

सीओपीडीच्या पेशंटला धाप लागली म्हणून नळ मोठा करू नका. त्यांच्यात ८८ ते ९२ टक्के हेच लक्ष्य असतं. जास्त ऑक्सिजनने रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, माणूस गुंगीत जातो, आणि मग आयसीयूचं बिल. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

मेडिक्लेम कुठे कापतो

तुमचे पैसे कापले गेले ते बहुतेक खोलीच्या भाड्यामुळे. जुन्या पॉलिसींत खोलीचं भाडं दिवसाला विमा रकमेच्या १ टक्का इतकंच मान्य असतं. ३ लाखांवर ३,०००. समजा, तुम्ही ५,००० ची खोली पाच दिवस घेतली आणि बिल झालं १ लाख: खोलीचे २५,०००, डॉक्टरांच्या भेटी आणि इतर सेवा ३०,०००, औषधं २८,०००, तपासण्या १७,०००. खोलीचे १५,००० मिळतील. डॉक्टर आणि सेवांचा खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे तीन पंचमांश, १८,००० मिळेल. पण विमा नियामकाच्या नियमानुसार औषधं, तपासण्या आणि शरीरात बसवायची उपकरणं यांना ही प्रमाणशीर कपात लागू करता येत नाही, आयसीयूच्या भाड्यालाही नाही. म्हणून औषधं-तपासण्यांचे ४५,००० पूर्ण. एकूण ७८,०००. काही वेळा टीपीए (कंपनीतर्फे दावे तपासणारी संस्था) सगळ्याच बिलाला ६० टक्के लावून मोकळा होतो आणि हातात ६०,००० पडतात. हा १८,००० चा फरक तुमचा आहे. सेटलमेंटचं पत्र काढा, कपातीच्या ओळी तपासा आणि लेखी मागा. हातमोजे, मास्क, नोंदणी फी असल्या वस्तूंची वेगळी कपात होते, ती बहुतेक पॉलिसींत वैध आहे.

दुसरी अडचण कागदावरच्या शब्दांची. ॲडमिट करताना निवासी डॉक्टर विचारतात, “कधीपासून त्रास?” आणि घाबरलेला नातेवाईक म्हणतो, “असेल दहा वर्षांपासून.” केसपेपरवर ‘दहा वर्षांपासून सीओपीडी’ असं लिहिलं जातं. पॉलिसी सहा वर्षांपूर्वीची आणि त्यात हा आजार जाहीर केलेला नाही, की आजार लपवला म्हणून दावा अडकतो. खरं तेच सांगा, पण नेमकं सांगा: खोकला कधीपासून आणि सीओपीडीचं निदान कोणत्या तारखेला, कोणत्या कागदावर. निदानाचा पहिला कागद जपून ठेवा. आधीच्या आजारासाठी थांबण्याचा काळ आता जास्तीत जास्त ३ वर्षं आहे. पॉलिसी सलग ६० महिने चालू असेल तर त्यानंतर माहिती लपवल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच नाकारता येतो. नाकारल्याच्या पत्राला उत्तर लिहिताना ही ६० महिन्यांची गोष्ट पहिल्याच ओळीत टाका.

तिसरी अडचण: ‘ॲडमिट करायची गरज नव्हती, नुसत्या तपासण्या झाल्या.’ दोन दिवस ठेवून फक्त वाफ आणि एक्स-रे झाला असेल तर हा आक्षेप बरेचदा टिकतो. ज्यांना खरोखर गरज होती त्यांच्या डिस्चार्ज कार्डावर दाखल करतानाचं ऑक्सिजनचं प्रमाण, श्वासाचा वेग, रक्तवायूंची तपासणी, किती लिटर ऑक्सिजन किती तास, शिरेतून दिलेली औषधं, हे यायला हवं. नर्सिंग चार्टवर ते असतंच, कार्डावर उतरत नाही. सुट्टी मिळण्याआधी वाचून घ्या आणि भर घालायला सांगा. घरी गेल्यावर कुणी दुरुस्त करून देत नाही, आणि दिलं तर कंपनी संशय घेते.

चौथी गोष्ट लोकांना फार उशिरा कळते. घरीच रुग्णालयासारखे उपचार घेण्याची सोय पॉलिसीत असते, पण त्यातून वगळलेल्या आजारांच्या यादीत बऱ्याच पॉलिसींमध्ये दमा, ब्राँकायटिस, सर्दी-खोकला, घसा-स्वरयंत्राचा दाह ही नावं थेट लिहिलेली असतात. म्हणजे प्रदूषणाने जे बळावतं नेमकं तेच. घरचा नेब्युलायझर, ऑक्सिजन मशीन, बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं श्वासाचं मशीन) यांनाही सहसा पैसे नसतात. ॲडमिट होण्याच्या आधीच्या आणि नंतरच्या ठरावीक दिवसांचा, बहुतेकदा ३० आणि ६०, औषधांचा व तपासण्यांचा खर्च मात्र मिळतो. सुट्टीनंतरच्या दोन महिन्यांचे पंप त्यात बसतात. बहुतेक लोक तो मागतच नाहीत. चिठ्ठी आणि पावती दोन्हींवर पेशंटचं नाव आणि तारीख हवी.

कंपनीने ३० दिवसांत दाद दिली नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे एक वर्षाच्या आत जा. मुंबईत कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे ऐकतात. खोलीभाड्याची चुकीची कपात हा तिथे मांडायला सगळ्यात सोपा मुद्दा, कारण त्यात वैद्यकीय वाद नाही, नुसतं अंकगणित आहे.

विम्याशिवायचे दरवाजे

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार आहेत. पण ते ठरावीक पॅकेजांचे, योजनेतल्या रुग्णालयात आणि आधी मंजुरी घेऊन. रोख भरून ॲडमिट झाल्यावर नंतर परतावा मिळत नाही. म्हणून रेशनकार्ड आणि ओळखपत्र घेऊन दारातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) पहिल्या तासात भेटा आणि ‘सीओपीडी बळावलाय’ एवढंच न सांगता कोणतं पॅकेज लागू पडतं ते विचारा. सासरे ७० चे झाले की उत्पन्न न बघता मिळणारं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून टाका.

धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात राखीव असतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अनुक्रमे १,८०,००० आणि ३,६०,००० रुपयांपर्यंत असावं लागतं. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला ऑगस्ट-सप्टेंबरातच काढून ठेवा. पेशंट आत असताना तो काढायला धावणाऱ्याला तो वेळेत मिळत नाही. ‘खाट नाही’ असं तोंडी सांगितलं तर समाजसेवा अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

घरात कुणाचा पगार २१,००० पर्यंत असेल आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल, तर जुनाट श्वसनविकारासाठी ती सगळ्यात कामाची सोय आहे, कारण तिथे ॲडमिट न होता घ्यायची रोजची औषधंही मिळतात आणि कामगाराला स्वतःच्या आजारपणाच्या रजेचे पैसेही. त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडील आणि मुलं त्यात येतात. लोक खासगी मेडिक्लेम मिळाला की ईएसआयचं कार्ड कपाटात टाकतात, ते करू नका.

प्राप्तिकरात जुन्या करप्रणालीत विमा हप्त्याची वजावट मिळते, नव्या प्रणालीत नाही. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय. वाचलेल्या पैशांत खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी मिळते का बघा, मात्र पोर्ट करताना, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेताना, जुनी सलगता तुटू देऊ नका.

वसुलीचा प्रश्न

तुमच्या परिसराचा इतिहास या प्रश्नाचं उत्तर देतो. चेंबूरलगतच्या माहुलबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचं नोंदवलं. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिथे पाठवलेल्या प्रकल्पग्रस्तांना दुसरीकडे राहता यावं म्हणून महिना १५,००० रुपये भाडं आणि ४५,००० अनामत द्यायला सांगितलं. २०२० मध्ये लवादाने चार कंपन्यांवर मिळून सुमारे २८६ कोटींची भरपाई बसवली, ती पर्यावरण पूर्ववत करण्यासाठी. यातली कुठलीच रक्कम कुणाच्या पंपाच्या किंवा आयसीयूच्या बिलापोटी नव्हती. एकत्र लढलेल्यांना स्थलांतर मिळू शकलं, एकेकट्याला औषधाचे पैसे नाहीत.

तरी कायद्यात वाट आहे. हरित लवाद कायदा २०१० च्या कलम १५ खाली प्रदूषणग्रस्ताला भरपाई मागता येते आणि कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आजारावरचा वैद्यकीय खर्च व बुडालेली मजुरी ही दोन्ही कारणं लिहिलेली आहेत. महाराष्ट्रासाठी पीठ पुण्यात आहे. फी मागितलेल्या रकमेच्या १ टक्का, किमान १,००० रुपये. दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. अडतं ते कार्यकारणात. सासऱ्यांचा सीओपीडी विडीचा, चुलीच्या धुराचा, कामावरच्या धुळीचा की हवेचा, हे एका माणसाच्या बाबतीत कोणताही प्रामाणिक डॉक्टर छातीठोकपणे लिहून देणार नाही. तो लिहू शकतो ते एवढं: ‘निदान अमुक; हवेच्या प्रदूषणाने हा आजार बळावतो हे ज्ञात आहे; त्रास अमुक महिन्यांत वाढल्याची नोंद आहे.’ एवढंच मागा. केईएमच्या डॉक्टरांनी मुंबईच्या प्रदूषणाचा जो मोठा अभ्यास १९८० साली ‘थोरॅक्स’मध्ये छापला, त्यातही ४,१२९ माणसं लागली, शहरातल्या कमी-जास्त प्रदूषित भागांतली आणि तुलनेला एका खेड्यातली. संबंध दिसतो तो समूहात.

म्हणून रोजनिशी ठेवायचीच तर कामाची ठेवा. मुलासाठी पीक फ्लो मीटर (श्वास किती जोरात सोडता येतो ते मोजणारं साधन) घ्या. सकाळ-संध्याकाळ तीनदा फुंकायचं, त्यातला मोठा आकडा लिहायचा. त्याच्या चांगल्या दिवसांतल्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांवर असेल तर ठीक, ५० ते ८० मध्ये डॉक्टरांनी लिहून दिलेली वाढीव योजना, ५० खाली गेला तर आराम देणारा पंप देऊन तडक रुग्णालय. बाजूला जवळच्या केंद्राचा हवा निर्देशांक लिहा, शहराची सरासरी नको. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर तो मिळतो. दोन खाचखळगे आहेत. निर्देशांक ५१ ते १०० ला ‘समाधानकारक’ म्हणतात, पण त्यात पीएम २.५ (हवेतले अतिसूक्ष्म धूलिकण) चं प्रमाण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपर्यंत असू शकतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेची २४ तासांची मर्यादा १५ आहे. दम्याच्या मुलाला ‘समाधानकारक’ दिवशीही त्रास झाला तर ते नवल नाही. दुसरं म्हणजे, निर्देशांकात आठ प्रदूषकं धरतात, बेंझीन त्यात नाही. तुमच्याकडे रात्री येणारा रासायनिक वास आकड्यात उमटणारच नाही. त्या वासाची तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा स्वतंत्र लिहा आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करून क्रमांक घ्या. देवनारच्या क्षेपणभूमीला जानेवारी २०१६ मध्ये लागली तशी आग, शेजारचं उघडं बांधकाम, रस्त्याची खोदाई, हेही नोंदवा. त्रास त्याच दिवशी किंवा दोन-तीन दिवसांनी वाढू शकतो, म्हणून नोंद रोजची हवी, त्रास झाला त्या दिवसापुरती नको.

घरातला धूर आधी काढा, नाहीतर समोरचा वकील तोच पुढे करेल: मच्छर अगरबत्ती, धूप, ओलीची बुरशी. एसीच्या मागे किंवा खिडकीच्या छज्जावर कबुतरं बसत असतील तर ती विष्ठा कोरडी झाडू नका. त्यातून होणारा फुप्फुसाचा आजार वेगळाच असतो, दमा समजून वर्षानुवर्षं पंप दिले जातात आणि एचआरसीटी (छातीचा बारीक सीटी स्कॅन) केल्यावर उलगडा होतो. डॉक्टर विचारत नसतील तर तुम्हीच सांगा.

एअर प्युरिफायर घ्यायचा तर खोली मोजून घ्या. १० बाय १२ ची, ९ फूट उंचीची खोली म्हणजे साधारण ३० घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळायची तर यंत्राची क्षमता तासाला १५० घनमीटरच्या वर हवी आणि दारं-खिडक्या बंद हव्यात. वर्षाचा फिल्टर किंमतीत धरा. दिवसभर दार उघडं असणाऱ्या घरात ते पैसे पंपाला द्या.

शेवटचं, कागदांबद्दल. कलम १५ ची मुदत पाच वर्षांची आहे आणि ती भरपाईचं कारण पहिल्यांदा घडलं त्या दिवसापासून मोजली जाते, शेवटच्या बिलापासून नाही. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार मात्र डॉक्टरांवर भरती पेशंटचे कागद तीनच वर्षं जपण्याचं बंधन आहे. मागितल्यावर ७२ तासांत प्रत द्यावी लागते. त्यामुळे जानेवारीच्या ॲडमिशनचे सगळे केसपेपर, नर्सिंग चार्टसकट, याच आठवड्यात लेखी अर्ज करून मागून घ्या.